जड शरीर, दुखरे गुडघे : व्यायाम कोणता करावा?

मागील अंकात मधुमेही माणसाने पायांची काळजी कशी घ्यावी यावर आम्ही लिहिले होते. त्यानंतर जी पत्रे आली त्यांपैकी तीन पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला होता. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, व्यायाम करा. आणि व्यायामाला लागावे तर चौथ्या दिवशी गुडघे धरतात. मग करावे तरी काय? एका भगिनीने लिहिले आहे की, वजन एकशे पाच किलो आहे, रस्त्याने चालायला निघाले तर कोपऱ्यावरची पोरे हसतात, घरात उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात, आणि काहीच केले नाही तर दवाखान्यात बोलणी खावी लागतात.

या भगिनीचे दुःख आम्हांला परके नाही. आम्ही स्वतः कार्यालयात वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटलेले. संध्याकाळी सभा, बैठका, वर्गणीचे हिशेब. आणि बैठक म्हटली की भजी आणि गोड चहा आलाच. पाच फूट पाच इंच उंची आणि वजन एकशे बारा किलो, अशी आमची तीन वर्षांपूर्वीची जमाखर्चाची स्थिती होती. एकदा समाजमंदिरात सतरंजीवर दोन तास बसल्यावर उठताच येईना. दोन तरुणांनी बगलेत हात घालून उठवले. त्यातला एक हसला नाही, उलट त्याने हळूच आमची पिशवी उचलून दिली, हे अधिक लागले. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका व्यायामशाळेत तीन महिन्यांचे पैसे भरून मोकळे झालो.

तेथल्या तरुण शिक्षकाने पहिल्याच दिवशी आम्हांला यंत्राच्या पट्ट्यावर वीस मिनिटे पळवले आणि नंतर उठाबशा काढायला लावल्या. दुखते म्हणून सांगितले तर म्हणाला, “साहेब, पहिले पंधरा दिवस दुखणारच, सोडायचे नाही.” आम्ही सोडले नाही. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मध्येच बसावे लागले आणि लोक आमच्या अंगावरून ओलांडून गाड्या पकडत राहिले. आठ दिवस वैद्यकीय रजा गेली. पैसे परत मिळाले नाहीत ते वेगळेच. त्या व्यायामशाळेचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. वजन न विचारता पळवणारा तो आणि वजन ठाऊक असून पळणारे आम्ही, दोघेही सारखेच अडाणी.

महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून गेलो तेव्हा कुठे गोष्टी नीट कळल्या. तेथील फिजिओथेरपी विभागातील बाईंनी जे शिकवले, आणि नंतर आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आधी आकडे. सपाट जमिनीवर साधे चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना त्याहून जास्त, आणि धावताना, उडी मारून खाली येताना तर फारच जास्त. आता याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या संधिवाताच्या १४२ स्थूल रुग्णांवर तो केलेला होता. त्यात असे आढळले की, वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. एक किलोमीटर चालायला माणसाला साधारण पंधराशे पावले पडतात, म्हणजे एका पायाची साडेसातशे. साडेसातशे गुणिले चार बरोबर तीन हजार किलो! एक किलो वजन घटवले की एक किलोमीटर चालण्यात एका गुडघ्याचे तीन टन ओझे वाचते. आम्ही हा गुणाकार तीनदा ताडून पाहिला. व्यापारात असा नफा कोणी देत नाही.

म्हणून पाच-सहा किलो वजन उतरले तर काय मोठेसे, असे म्हणू नये. पन्नास किलो कमी करण्याची स्वप्ने पाहून दमण्यापेक्षा पहिले पाच किलो महत्त्वाचे.

पुष्कळ लोक याच्या उलट टोकाला जातात. गुडघा दुखतो ना, मग हालचालच नको, असे म्हणून पलंग धरतात. ही चूक फार महाग पडते. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत अस्तर असते, ज्याला कूर्चा म्हणतात, तिला रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होते, तद्वत सांधा हलला म्हणजे सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. शिवाय पाय वापरला नाही की मांडीचे पुढचे स्नायू झपाट्याने वाळतात, आणि गुडघ्याला सांभाळणारे मुख्य तेच आहेत. स्नायू गेले की सगळा मार हाडांवर. तेव्हा सांधा हलला पाहिजे, परंतु त्याच्यावर आदळआपट होता कामा नये. व्यायाम निवडण्याची सगळी मेख येथे आहे.

मग सर्वांत चांगला व्यायाम कोणता? पाण्यातला. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर शरीराचे जवळजवळ निम्मेच वजन राहते. छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांश, आणि गळ्याइतक्या पाण्यात फक्त दहावा हिस्सा. म्हणजे एकशे वीस किलोचा माणूस छातीइतक्या पाण्यात चाळीस किलोच्या मुलासारखा होतो. यासाठी पोहता आलेच पाहिजे असे नाही. उथळ बाजूला कठडा धरून पुढे चालणे, मागे चालणे, आडवे चालणे, गुडघा वर उचलणे, एवढे वीस मिनिटे केले तरी पुरे. पाणी स्वतःच विरोध करते आणि स्नायूंना काम मिळते. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, चेंबूरला आहे, इतर शहरांतही नगरपालिकांचे तलाव आहेत. स्त्रियांच्या वेगळ्या वेळा कोठे आहेत, डॉक्टरांचा दाखला लागतो काय, शुल्क किती, हे आधी चौकशी करून घ्यावे. पोहण्याचे कपडे घालण्याची लाज वाटते हे आम्हांला ठाऊक आहे. आमचीही पहिली वेळ टॉवेल गुंडाळून काठावर बसण्यातच गेली. पूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे कपडेही बाजारात मिळतात. गावाकडील वाचकांनी मात्र यासाठी नदीत किंवा तळ्यात उतरू नये. तळाचा गाळ आणि शेवाळ, त्यात जड शरीर, पाय सटकला तर उलट पंचाईत.

परंतु तलाव सर्वांना परवडणारा किंवा जवळ असणारा नाही. आमच्या बहुतेक वाचकांना उपयोगी पडेल तो खुर्चीचा व्यायाम.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते आणि जड माणसाखाली तिचा पाय दुमडतो, हे आम्ही एका लग्नात प्रत्यक्ष अनुभवले आहे. त्याचे वर्णन येथे नको. खुर्चीवर ताठ बसावे. एक पाय गुडघ्यातून सरळ करून समोर उचलावा, मांडीचा पुढचा भाग घट्ट आवळावा, मनात पाच आकडे मोजावेत, सावकाश खाली ठेवावा. एका पायाने आठ-दहा वेळा, मग दुसऱ्या पायाने. श्वास कोंडू नये, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजले म्हणजे श्वास आपोआप सुटा राहतो. चाळीत शेजाऱ्यांनाही कळते की तुमचा व्यायाम चालू आहे.

दुसरा प्रकार खुर्चीवरून उठण्याचा आणि बसण्याचा. साधा वाटतो, पण मांड्यांसाठी याच्यासारखा व्यायाम नाही. जड माणसाला नेहमीच्या उंचीवरून हाताचा आधार न घेता उठता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून हट्ट करू नये. बाईंनी आम्हांला युक्ती सांगितली ती अशी : खुर्चीवर गोधडीच्या दोन-तीन घड्या घालून बैठक उंच करावी. उंच बैठकीवरून उठायला गुडघा कमी वाकतो आणि जोर कमी लागतो. पाच वेळा उठावे, पाच वेळा सावकाश बसावे. धप्पकन पडू नये. दोन-तीन आठवड्यांनी सहज जमू लागले की एक घडी काढावी. आमच्या तीन घड्या उतरायला साडेचार महिने लागले. शेवटची घडी काढली त्या दिवशी आमच्या पत्नीने गोधडी धुऊन वाळत घातली आणि काही न बोलता आमच्यापुढे चहा ठेवला, बिनसाखरेचा.

याखेरीज भिंतीला हात टेकवून, भिंतीपासून हातभर दूर उभे राहून काढलेले जोर. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे. पाणी भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन बसल्या जागी हात वर-खाली करणे. जमिनीवर झोपून करण्याचे व्यायाम पलंगावर करावेत, कारण खाली बसणे आणि पुन्हा उठणे यातच अर्धा जीव जातो. पलंगावर एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे हा गुडघेदुखीवरचा जुना आणि चांगला व्यायाम आहे.

आता चालण्याविषयी. चालणे वाईट नाही, पण सुरुवातीला झपझप चालण्याची गरज नाही. स्थूल माणसाने सावकाश चालले तर गुडघ्यावरचा ताण बराच कमी होतो, असे प्रयोगांत मोजून पाहिलेले आहे. पाच मिनिटांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटे वाढवावीत. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. जागा सपाट हवी. फुटलेले पदपथ आणि उतार टाळावेत. शाळेचे मातीचे मैदान उत्तम. आम्ही स्वतः रेल्वेच्या फलाटावर चालतो. बारा डब्यांच्या गाडीचा फलाट सुमारे अडीचशे मीटर लांब असतो, दर थोड्या अंतरावर बसायला बाक असतो, पास आपल्याकडे असतोच, आणि फलाटावर चालणाऱ्या माणसाला कोणी हसत नाही. सर्वांना वाटते, हा आपला डबा शोधतो आहे! अर्थात गर्दीच्या वेळी हे करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना दिल्या त्यांत आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. दीडशे हा आकडा पाहून घाबरू नये. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे तरी व्हावीत अशी अट होती, ती अट आता काढून टाकली आहे. सकाळी चार मिनिटे, जेवणानंतर पाच, संध्याकाळी सहा, अशी चिल्लरही खात्यावर जमा होते.

पायात सपाट पट्ट्याची चप्पल घालून चालू नये. टाच धरून ठेवणारा, जाड तळव्याचा, पुढून रुंद बूट घ्यावा, आणि तो संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो. जाड मांड्या एकमेकांवर घासून कातडी सोलते. ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही, पण कित्येक जण चालणे सोडतात ते यामुळेच. आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालावी किंवा मांडीला व्हॅसलिन लावावे. काठी घ्यायची झाली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, आणि हात कठड्यावर.

स्थिर सायकलही गुडघ्यांना मानवते, कारण वजन बैठकीवर राहते. बैठक इतकी उंच ठेवावी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बैठक खाली असेल तर गुडघा जास्त दुखतो. जुनी सायकल विकत घेताना तिच्यावर किती वजन चालते ते पाटीवर वाचून घ्यावे. पुष्कळ यंत्रे शंभर-एकशे दहा किलोच्या माणसासाठीच केलेली असतात.

काय करू नये ते थोडक्यात सांगतो. धावणे, दोरीवरच्या उड्या, खोल बैठका, उड्यांचे नाच, आणि सवय नसताना घातलेले सूर्यनमस्कार. कंपनाचा पट्टा पोटाला बांधून चरबी वितळते असे सांगणारे, तेलाच्या बाटलीने गुडघा नवा करून देणारे, यांच्यापासून तर पगाराच्या दिवशी विशेष जपावे. व्यायामाआधी दुखणे थांबवणारी गोळी घेऊन मैदानात उतरू नये; गोळी दुखणे झाकते, इजा झाकत नाही, आणि अशा गोळ्या रोज घेतल्याने पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर वाईट परिणाम होतो.

थोडे दुखणे चालेल काय? स्नायू ठणकणे चालेल. सांध्यासाठी एक सोपी कसोटी आहे. व्यायाम संपल्यावर दोन तासांनी गुडघा व्यायामाआधी होता त्यापेक्षा जास्त दुखत असेल तर उद्या व्यायाम कमी करावा, बंद करू नये. गुडघा सुजला, गरम झाला, मध्येच अडकला किंवा पोटरी एका बाजूची सुजून दुखू लागली तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांत तर तासभरसुद्धा वाट पाहू नये. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी सुरुवात करण्याआधीच विचारावे. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवूनच चालायला जावे.

खाण्यापिण्यावर आज लिहीत नाही. पण एक सांगून ठेवतो की, नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही. त्याच वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास आहे. त्यात नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे गुडघे कमी दुखले.

राहता राहिली आमच्या चाळीतील मावशींची गोष्ट. वय चौपन्न, वजन शहाण्णव किलो, चार घरी धुणीभांडी आणि लादी. आम्ही व्यायाम म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, दिवसभर हलतेच आहे की मी, आणखी कसला व्यायाम?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु उकिडवे बसून लादी पुसताना गुडघा पुरता दुमडतो आणि त्याच स्थितीत सगळे वजन पुढे सरकवत न्यावे लागते. गुडघ्याला याहून वाईट शिक्षा नाही. जे श्रम मांडीला बळ न देता सांध्याला झिजवतात, त्यांची भरपाई म्हणून वेगळा व्यायाम लागतो. आणि त्याआधी ती झीज थांबवावी लागते. मावशींना आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. भांडी ओट्यावर उभ्याने किंवा स्टुलावर बसून घासायची. शौचालयात भोकाचे लोखंडी स्टूल ठेवायचे, दवाखान्याचे सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळते. आणि लादी लांब दांड्याच्या पुसणीने पुसायची. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या हातातल्या होत्या. तिसरी मालकिणींच्या हातातली. उभ्याने पुसले तर कोपरे स्वच्छ होत नाहीत, असे त्यांना चारही घरी ऐकावे लागले.

आता रविवारी सकाळी आमच्या मजल्याच्या गॅलरीत सहा लोखंडी खुर्च्या भिंतीला लागतात. पाच बायका आणि आम्ही. मावशी आपली गोधडी घरून आणतात. त्यांच्या दोन घड्या उतरल्या, एक राहिली आहे. आमचे वजन आज एकशे तीन भरते. नऊ किलो उतरले, म्हणजे पावलागणिक छत्तीस. उजवा गुडघा पावसाळ्यात अजून कुरकुरतो आणि सतरंजीवर आम्ही आता बसतच नाही, मागे खुर्ची मागून घेतो.

लांब दांड्याची पुसणी तीन घरांनी आणून दिली. चौथ्या घरी मावशी अजून उकिडव्या बसूनच पुसतात.